एका माणसाचं हेलिकॉप्टर: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई दलात हेलिकॉप्टरच्या देखभालीवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात राहायला आलो. तेव्हापासून हे प्रश्न येत आहेत. चिंचोली एमआयडीसीतले फिटर विचारतात, पॉलिटेक्निकची पोरं विचारतात, मोहोळ-बार्शीकडचे शेतकरी विचारतात. अलीकडे या पोरांच्या आयांचेही फोन येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न 'उचलेल का?' हा असतो. मला आधी 'काय तुटेल, आणि तुटलं तर माणूस कुठे असेल?' हे ठरवावंसं वाटतं. खालची बरीच उत्तरं त्याच अंगाने गेली आहेत.

१. एका माणसाचं हेलिकॉप्टर म्हणजे नक्की काय? जायरोकॉप्टर आणि माणूस नेणारा ड्रोन म्हणजेही तेच का?

तिन्ही वेगळे. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरचा मोठा पंखा फिरवतं आणि चालक पात्यांचा कोन बदलून वर-खाली, पुढे-मागे जातो. जायरोकॉप्टरचा वरचा पंखा इंजिनाला जोडलेला नसतो. गड्ड्याच्या जत्रेत मिळणारं भिरभिरं जसं वाऱ्याने फिरतं, तसा तो पुढे जाताना आपोआप फिरतो. त्यामुळे जायरोकॉप्टर हवेत एका जागी थांबू शकत नाही. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी १९२३ मध्ये ते उडवून दाखवलं, म्हणजे कामाच्या हेलिकॉप्टरच्याही आधी. माणूस नेणाऱ्या ड्रोनला बरेच छोटे पंखे असतात, प्रत्येकाला वेगळी मोटर असते आणि तोल संगणक सांभाळतो. इंजिन बंद पडल्यावर तिघांचं वागणं अगदी निराळं असतं. जायरोकॉप्टरचा पंखा तसाच वाऱ्यावर फिरत राहतो, बाकी दोघांचं प्रश्न ७ मध्ये आहे.

२. असं कुणी खरंच बनवलंय का, की नुसतं व्हिडिओतच असतं?

बनवलंय, आणि सत्तर वर्षांपूर्वीपासून. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याला एकेका सैनिकासाठी उडतं वाहन हवं होतं. हिलर कंपनीने घडी करता येणारं 'रोटरसायकल' केलं. 'एरोसायकल' नावाच्या दुसऱ्या यंत्रात सैनिक उभा राहायचा आणि उलटसुलट फिरणारे दोन पंखे त्याच्या पायाखाली असायचे. चाचण्यांत ते पंखे एकमेकांवर आदळून दोन अपघात झाले. कसलेल्या चाचणी वैमानिकालाही ते झेपेना, तेव्हा नवख्या सैनिकाच्या हाती देण्यासारखं ते नाही असं ठरून काम थांबलं.

नंतरची दोन उदाहरणं सांगतो. जपानच्या 'जेन एच-४' ला एकावर एक असे दोन पंखे आहेत, व्यास सुमारे चार मीटर. चार छोटी इंजिनं, वजन सत्तर-पंचाहत्तर किलो. कॅनडात आखणी झालेल्या 'मॉस्किटो' ला साडेपाच मीटरचा पंखा आणि साठ-एक अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं.

३. किती अश्वशक्तीचं इंजिन लागतं? मारुती ८०० चं जुनं इंजिन पडून आहे, ते चालेल का?

हिशेब करून दाखवतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. यंत्र ११५ किलो, माणूस ७५, पेट्रोल आणि किरकोळ १५, एकूण २०५ किलो. पंखा साडेपाच मीटरचा. आपल्या मे महिन्यातल्या दुपारच्या हवेत (प्रश्न ५ पाहा) हे वजन नुसतं अधांतरी धरायला कागदावर १७ अश्वशक्ती लागतात. पण कागदावरचा पंखा बाजारात मिळत नाही. पात्यांचं घर्षण, शेपटीचा पंखा आणि गिअर-पट्ट्यात जाणारी ताकद धरली की आकडा ३३ च्या आसपास जातो. ही झाली फक्त तरंगण्याची ताकद. वर चढायला आणि वाऱ्याच्या झोतातून सावरायला शिल्लक वेगळी हवी. साठ अश्वशक्तीची इंजिनं उगाच बसवलेली नसतात.

आता मारुती ८००. इंजिन ३७-३८ अश्वशक्तीचं. विरळ हवेत त्यातले १५ टक्के जातात आणि ३१-३२ उरतात. त्यात हे इंजिन जड, सोबत रेडिएटर, पाणी, गिअर. मग यंत्र ११५ किलोत बसत नाही. माणसासकट एकूण वजन ३०० किलोवर गेलं तर तरंगायलाच साठीच्या जवळ अश्वशक्ती हवी, कारण वजन दीडपट झालं की ताकद पावणेदोनपटीच्या पुढे लागते. म्हणजे हाताशी बत्तीस आणि गरज साठची. इथे जमिनीवरून उठत नाही म्हणून पोरं इंजिन आणखी पिळतात, फेरे वाढवतात, आणि पाती ज्या वेगासाठी केलेलीच नाहीत त्या वेगाने फिरू लागतात. मला सगळ्यात जास्त भीती या टप्प्याची वाटते.

४. पंखा छोटा केला तर? तीन मीटरचा केला की शेडच्या दारातून बाहेर काढता येईल.

व्यास निम्मा केला की ताकद दुप्पट लागते. वरच्याच २०५ किलोला तीन मीटरच्या पंख्यावर ३३ ऐवजी साठच्या आसपास अश्वशक्ती नुसत्या तरंगायला लागतील. शेडचं दार मोठं करणं स्वस्त पडेल.

५. सोलापूरच्या उन्हाळ्याने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की हवा इतकी फुगते की इथल्या जमिनीवरच ती सोळाशे मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे, त्यावरून कल्पना करा. हवा पंधरा टक्क्यांनी हलकी, म्हणून पंख्याची पकड कमी आणि इंजिनाचा श्वासही कमी. परदेशी कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि १५ अंश तापमानाचे असतात. ते बघून आपल्या होटगी रोडवरच्या दुपारचा अंदाज बांधू नका.

६. शेपटीचा पंखा काढून टाकता येईल का? तोच सगळ्यात कटकटीचा वाटतो.

वरचा पंखा एका दिशेला फिरतो, म्हणून धड उलट दिशेला फिरू पाहतं. त्याला अडवायला शेपटीचा पंखा. तो काढायचा तर एकाच अक्षावर उलट फिरणारे दोन पंखे बसवावे लागतात, जेन एच-४ सारखे. कटकट संपत नाही, शेपटीतून उचलून डोक्यावर जाते. दोन पंख्यांत पुरेसं अंतर नसेल किंवा पाती लवचिक असतील तर ती एकमेकांना भिडतात, एरोसायकलचं तेच झालं. नवशिक्याला मी दोन्ही सुचवणार नाही.

७. हवेत इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं का?

नाही, पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

इंजिन थांबताच इंजिन आणि पंखा यांच्यातला एकेरी क्लच सुटतो आणि पंखा मोकळा फिरत राहतो. चालकाने लगेच कलेक्टिव्ह, म्हणजे डाव्या हाताचा दांडा, पूर्ण खाली करायचा. पात्यांचा कोन सपाट होतो, खालून येणारी हवा पंखा फिरवत ठेवते आणि यंत्र भिरभिऱ्यासारखं उतरायला लागतं. जमिनीजवळ नाक वर करून वेग मोडायचा आणि पंख्यात साठलेल्या फेऱ्यांवर शेवटची उचल घेऊन टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. प्रत्येक हेलिकॉप्टर वैमानिक ते घोटून घोटून शिकतो.

पहिली गोष्ट, दांडा वेळेत खाली गेला पाहिजे. छोट्या यंत्राची अडचण पात्यांच्या वजनात आहे. मोठ्या हेलिकॉप्टरची पाती जड असतात, जात्याच्या पाळीसारखी गती धरून ठेवतात. छोट्यांची हलकी. इंजिन गेलं की दांडा खाली करायला एक ते दीड सेकंद मिळतो. 'काय झालं?' असं मनात म्हणेपर्यंत पंख्याचे फेरे परत न येण्याइतके घटतात.

दुसरी गोष्ट उंची आणि वेग. साधारण दहा फुटांपासून तीन-चारशे फुटांपर्यंत एका जागी तरंगत असाल तर ऑटोरोटेशनला लागणारा वेग पकडायला जागाच नसते. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत या पट्ट्याचा आलेख असतो आणि वैमानिक तो पट्टा टाळतात. घरगुती प्रयोग नेमके याच पट्ट्यात होतात, कारण सगळ्यांना वाटतं की कमी उंची म्हणजे कमी धोका. पन्नास फुटांवरून काहीही मोकळं पडलं तर पावणेदोन सेकंदांत जमिनीला लागतं, ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने.

तिसरी गोष्ट, पात्यांचा कोन बदलता आला पाहिजे. जेन एच-४ आणि बहुतेक ड्रोनसारख्या यंत्रांत तो बदलत नाही, तिथे ऑटोरोटेशनचा मार्गच बंद. म्हणून ती यंत्रं जास्त मोटरी ठेवतात, एक गेली तर बाकीच्यांनी सांभाळावं म्हणून. अमेरिकेच्या 'हेक्सा' या माणूस नेणाऱ्या ड्रोनला अठरा पंखे आहेत ते याचसाठी.

टू-स्ट्रोक इंजिन वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. अशा काही इंजिनांचे बनवणारेच पुस्तिकेत लिहितात की हे इंजिन कधीही अचानक थांबू शकतं, तसं धरूनच उडा.

८. मग पॅराशूट लावलं तर?

हेलिकॉप्टरवर पॅराशूट लावायची जागा बरोबर फिरत्या पंख्याच्या वाटेत येते. दोऱ्या गुंतू न देता ते उघडणं फार अवघड. अनेक पंख्यांच्या ड्रोनवर मधला भाग मोकळा असतो, तिथे जमतं. पण उघडायला उंची लागते, आणि प्रश्न ७ मधल्या पट्ट्यात तेवढी उंची नसते.

९. पाती आणि हब आमच्या वर्कशॉपमध्ये बनवता येतील का? लेथ आहे, वेल्डिंग आहे, हात चांगला आहे.

हात चांगला आहे यात मला शंका नाही. आपल्याकडच्या फिटरचं काम मी पाहिलं आहे. तरी माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं.

साडेपाच मीटरचा पंखा मिनिटाला ५४० फेरे घेतो. पात्याचं टोक ताशी साडेपाचशे किलोमीटरने जातं. चार किलोचं एक पातं हबला, म्हणजे पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागाला, बाहेरच्या बाजूला पावणेदोन टनांनी ओढतं. दीड-दोन टन ऊस भरलेली बैलगाडी त्या बोल्टांना टांगली आहे असं समजा, आणि दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. दोन पात्यांत टोकाशी ५० ग्रॅमचा फरक राहिला, म्हणजे शेंगाचटणीच्या छोट्या पुडीएवढा, तर शाफ्टला पंचेचाळीस किलोचा हिसका बसतो, सेकंदाला नऊ वेळा.

आणि हे ओझं स्थिर नसतं. प्रत्येक फेऱ्यात पातं वर-खाली वाकतं. तासाला बत्तीस हजार वेळा. लोखंडी तार दुमडून दुमडून तोडतो ना आपण, तेच इथे घडतं, फक्त डोळ्यांना न दिसता. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर 'इतक्या कमी ताणाखाली कधीच तुटणार नाही' अशी मर्यादाच नसते. म्हणून खऱ्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचं आयुष्य तासांत ठरलेलं असतं. तास भरले की दिसायला नवीकोरी असली तरी काढून टाकतात.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा टॉवेलमध्ये गुंडाळून हब घेऊन माझ्याकडे आला. एमएस, म्हणजे साध्या पोलादाची प्लेट, वेल्डिंग केलेली, ग्राइंडरने घासून चंदेरी रंग दिलेला. काम सुबक होतं. एकूण चाळीस मिनिटं फिरवलाय म्हणाला. मी वेल्डजवळचा रंग खरवडला, क्लीनरने पुसलं, लाल डाय मारला आणि दहा मिनिटं चहा घेतला. मग डाय पुसून पांढरा डेव्हलपर फवारला. आधी काहीच दिसेना. हळूहळू वेल्डच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली, आणि बोटभर अंतरावर दुसरी. तो म्हणाला, "काका, कालपर्यंत हे नव्हतं." मी म्हटलं, "होतं रे, आपल्याला दिसत नव्हतं." चाळीस मिनिटं म्हणजे एकवीस हजार सहाशे फेरे. आणखी किती निघाले असते, हे ना मला सांगता येईल ना कुणाला.

डाय, क्लीनर आणि डेव्हलपर या तीन डब्यांच्या संचाला डाय पेनिट्रंट म्हणतात, औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो. पृष्ठभागावर उघडलेली भेग त्यात दिसते, आतली दिसत नाही. सांगाडा, सीट, उतरण्याचे पाय, चाचणीचा स्टँड, हे वर्कशॉपमध्ये करा. पाती, हब, मुख्य शाफ्ट, त्याचा वरचा नट आणि शेपटीचा शाफ्ट करू नका. जिथे बोल्ट लावाल तिथे खाचेचा नट आणि स्प्लिट पिन हवी, किंवा लॉकवायर. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका.

१०. उडवायचं नाहीच. जमिनीवर उभं ठेवून पंखा फिरवून बघायचा आहे. त्यात धोका नाही ना?

सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. यंत्र जमिनीवर होतं. शेपटीच्या पंख्याचं पातं तुटलं, मुख्य पंख्यावर आदळलं, आणि मुख्य पंख्याचा घाव त्याच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही. ती बातमी वाचल्यापासून या प्रश्नाला मी कधी घाईत उत्तर दिलेलं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, धोटा (मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा) उडाला की काय होतं. धोटा अर्ध्या किलोचाही नसतो. इथे तुटलेला तुकडा शंभर मीटर जायला एक सेकंदही घेत नाही. म्हणून पंख्याच्या पातळीत, कोणत्याही दिशेला, माणूस नको. गर्दी नको, मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र नको, आणि सीटवरही कुणी नको. हेल्मेट घालून बसणं हा यावरचा उपाय नव्हे. चाचणी कशी करायची ते प्रश्न १६ मध्ये आहे.

११. परदेशातून तयार किट आणलं तर हे सगळे प्रश्न सुटतात का?

प्रश्न ९ बराचसा सुटतो, चालवण्याचा सुटत नाही. छोट्या यंत्रांना बहुधा दोनच पाती असतात, मधोमध झोपाळ्यासारखी टेकवलेली. उजव्या हाताचा, दिशा देणारा दांडा झटक्याने पुढे ढकलला आणि यंत्र क्षणभर हलकं झालं, की हब कलंडून शाफ्टवर आपटतो आणि शाफ्ट तुटू शकतो. रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर १९७९ पासून प्रमाणित आहे, तरी अशा अपघातांमुळे अमेरिकेने १९९५ मध्ये त्याच्या वैमानिकांसाठी वेगळं प्रशिक्षण सक्तीचं केलं. एकाच सीटच्या यंत्रात शेजारी शिक्षक बसू शकत नाही. आधी दोन आसनी हेलिकॉप्टरवर शिकायचं, मग इकडे यायचं. उलट क्रमाने कुणी शिकल्याचं मी तरी पाहिलं नाही.

१२. अमेरिकेत लायसन्सही लागत नाही म्हणतात. मग आपल्याकडे का?

तिथे १९८२ पासून एका माणसाच्या अगदी हलक्या यंत्रांसाठी वेगळा नियम आहे. रिकामं वजन ११५ किलोच्या आत, पेट्रोल १९ लिटरच्या आत, वेग ताशी १०२ किलोमीटरच्या आत, उड्डाण दिवसाउजेडी आणि वस्तीपासून दूर. एवढं पाळलं तर वैमानिकाचं लायसन्स मागत नाहीत. हेक्सा आणि 'जेटसन वन' याच चौकटीत बसवलेली यंत्रं.

तो नियम इथे लागू नाही. भारतात माणूस नेणारं कोणतंही नागरी विमान डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, अखत्यारीत येतं. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, तरी नोंदणी, उड्डाणयोग्यतेची मान्यता आणि वैमानिकाचं लायसन्स या गोष्टी तशाच आहेत. घरी बांधलं म्हणून सूट नाही. पण घरी बांधलेल्याला दार पूर्ण बंदही नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक, तरी इतकी वर्षं लागली.

१३. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या बांधाच्या आत उडवलं तर कुणाची परवानगी कशाला?

सातबारा जमिनीचा असतो, वरच्या आकाशाचा नसतो. होटगी रोडच्या विमानतळावरून ९ जून २०२५ पासून गोव्याची प्रवासी सेवा सुरू झाली आहे. पूर्वी रिकामं वाटणारं आपलं आकाश आता तसं राहिलेलं नाही.

१४. ड्रोनला नियम सोपे आहेत. मग मोठा ड्रोन करून त्यात माणूस बसवला तर ड्रोन नियमांत बसेल का?

नाही. ड्रोन नियम २०२१ हे मानवरहित विमानांसाठी आहेत. माणूस चढला की तो ड्रोन राहत नाही आणि प्रश्न १२ चं उत्तर लागू होतं. उलट बाजूने मात्र हा चांगला रस्ता आहे. रिमोटवर चालणारं छोटं हेलिकॉप्टर बांधा, विमानतळापासून दूर, ड्रोनच्या नकाशातल्या हिरव्या पट्ट्यात, नियम पाळून उडवा. कलेक्टिव्ह, शेपटीचा पंखा, ऑटोरोटेशन, सगळं त्यावर शिकता येतं. आपटलं तर पैसे जातात, एवढंच. उसावर किंवा द्राक्षावर फवारणी एवढाच हेतू असेल तर माणसाला वर न्यायची गरजच नाही, फवारणीचा ड्रोन ते काम करतो.

१५. मुलगा रात्र रात्र शेडमध्ये असतो. त्याला थांबवू का?

ताई, शेडमधून ओढून बाहेर काढू नका. तो चोरून फिरवेल, आणि तेव्हा जवळ कुणी नसेल. त्याच्याकडून एकच कबूल करून घ्या: तुम्हाला सांगितल्याशिवाय पंखा फिरवायचा नाही. बारावीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र असेल तर विमान देखभाल अभियंत्याच्या अभ्यासक्रमाची चौकशी करा. डीजीसीएचं लायसन्स मिळालं की खऱ्या हेलिकॉप्टरला हात लावायचा अधिकार मिळतो. मीही आधी हातात पाना धरूनच या क्षेत्रात आलो.

१६. यंत्र दोरांनी चारी बाजूंनी बांधून थोडंसं उचललं तर? पडलं तरी दोर धरतील.

ऐकायला सुरक्षित वाटतं, पण दोर इथे मदत करत नाही, घात करतो. हेलिकॉप्टरचा एक पाय जमिनीला किंवा दोराला अडकला आणि वरचा पंखा उचलत राहिला, की सगळं यंत्र त्या अडकलेल्या बिंदूभोवती कलंडतं. ठरावीक कोन ओलांडला की उजव्या हाताचा दांडा उलट दिशेला पूर्ण दाबूनही ते परत येत नाही. उचल ताबडतोब कमी करणं हा एकच इलाज, आणि नवखा माणूस घाबरून नेमकी उचल वाढवतो. दोन सेकंदांत पाती जमिनीत घुसतात आणि तुकडे सगळीकडे उडतात. चार दोर चार ताणांचे असतील, आणि ते असतातच, तर कलंडायची दिशाही आधी कळत नाही.

फिरवून बघायचंच असेल तर यंत्र काँक्रीटच्या पायाला बोल्ट करा. वस्तीपासून दूर मोकळं रान निवडा. थ्रॉटल आणि इंजिन बंद करायचा स्विच लांब केबलवर घ्या आणि वाळूच्या पोत्यांची छातीएवढी भिंत करून तिच्यामागे खाली बसा. चढवायचे फेरे आधी कागदावर लिहून घ्या, त्यापुढे जाऊ नका. प्रत्येक वेळी इंजिन थांबवून, पंखा पूर्ण थांबल्यावरच जवळ जा, रंग खरवडून ठेवलेला हब तपासा आणि बोल्टांवर मारलेल्या रंगाच्या रेघा सरकल्या आहेत का ते बघा. आणि या स्टँडवर सीट बसवू नका. सीट असली की कधीतरी कुणीतरी तिच्यावर बसतं.